दिवा आपला, डोळे समोरच्याचे

दुचाकीचा बल्ब बदलणे हे पाच मिनिटांचे काम. पण चुकीचा बल्ब आणि चुकलेला कोन रात्रीच्या रस्त्यावर दोघांची दृष्टी हिरावून घेतो.

उसाचा हंगाम सुरू झाला, की सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्यांची ये-जा वाढते. एखादी ट्रॉली टायर बसल्यामुळे रस्त्याच्या कडेलाच उभी असते. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. कामावरून घरी निघालेला दुचाकीस्वार ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असतो. तेवढ्यात समोरून पांढराशुभ्र झगझगीत दिवा लावलेली दुसरी दुचाकी येते आणि दोन-तीन सेकंद त्याला समोरचे काहीच दिसत नाही. या वेगाने एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापले जाते. म्हणजे तीन सेकंदांत ५० मीटर रस्ता तो जवळजवळ न पाहताच पार करतो. ती ट्रॉली नेमकी त्याच ५० मीटरमध्ये उभी असू शकते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. या सगळ्यांना दिवेच कारणीभूत होते असे नव्हे. पण रात्री दुचाकीस्वाराच्या हातात ज्या थोड्या गोष्टी असतात, त्यात त्याच्या गाडीचा दिवा ही एक. उजेड कमी पडतो असे वाटले, की बहुतेक जण गॅरेजमध्ये जाऊन ‘जास्त पॉवरचा बल्ब टाक’ असे सांगतात. तिथेच खरी गल्लत होते. रात्री किती दिसेल हे केवळ बल्बच्या वॅटवर ठरत नाही. बल्ब परावर्तक वाटीत कुठे बसतो, त्याला किती व्होल्टेज मिळते आणि उजेडाची कड कुठे पडते, यावर ते अधिक ठरते.

डोळ्यात काय घडते?

प्रखर दिवा डोळ्यांसमोर आला, की प्रकाश फक्त त्या दिव्याच्या प्रतिमेपुरता पडद्यावर उमटत नाही. बुबुळावरचे पारदर्शक पटल, डोळ्यातले भिंग आणि आतला द्रव यांतून जाताना त्याचा काही भाग विखुरतो आणि संपूर्ण दृष्टिपटलावर पसरतो. धुळकट काचेवर ऊन पडल्यावर पलीकडचे दृश्य फिके होते, तसेच हे. दिव्याच्या शेजारी उभा असलेला माणूस तिथेच असतो, त्याच्यावर उजेडही पडलेला असतो. पण त्याच्यात आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीत जो फरक दिसायला हवा, तो या पसरलेल्या उजेडात बुडून जातो.

हा विखुरलेला उजेड दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश किती आहे. दुसरी, आपण जिथे पाहतो त्या दिशेपासून तो दिवा किती अंशांवर आहे. हा कोन निम्मा झाला, तर त्रास साधारण चौपट होतो. दुभाजक असलेल्या महामार्गावर समोरची गाडी बरीच बाजूला असते. गावाकडच्या एकपदरी रस्त्यावर मात्र ती जवळपास नजरेच्या रेषेतच येते. म्हणून तिथे तोच दिवा कितीतरी जास्त बाधतो.

वयाचाही यात मोठा वाटा आहे. भिंगातील प्रथिनांत वयानुसार बदल होतात आणि प्रकाश अधिक विखुरतो. सत्तरीपर्यंत हे प्रमाण तरुण वयाच्या सुमारे दुप्पट होते. मोतीबिंदू असेल तर त्याहून जास्त. शिवाय डोळे दिपल्यावर दृष्टिपटल पूर्ववत व्हायला लागणारा वेळही वयाबरोबर वाढतो. विशीतल्या मुलाला जो दिवा ‘जरा जास्त’ वाटतो, तोच त्याच्या वडिलांना काही सेकंद काहीही दिसू देत नाही.

वाटी आणि बल्ब यांचे नाते

शंभर ते दीडशे सीसीच्या, हॅलोजन दिवा असलेल्या अनेक दुचाकींत ‘एचएस१’ नावाचा ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. बुलेटसारख्या मोठ्या गाड्यांच्या अनेक मॉडेलांत ‘एच४’ म्हणजे ६०/५५ वॅटचा बल्ब येतो. दोन आकडे दोन तारांचे: एक अप्परची, दुसरी डिपरची. १३.२ व्होल्टला एचएस१ अप्परवर सुमारे ८२५ आणि डिपरवर ५२५ लुमेन उजेड देतो. एच४ अनुक्रमे १६५० आणि १०००.

बल्ब काचेतून नीट पाहिला, तर डिपरच्या तारेखाली धातूची छोटीशी पळी दिसते. साऱ्या दिव्याची किमया त्या पळीत आहे. ती तारेचा खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते. त्यामुळे परावर्तक वाटीच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तो भाग प्रकाश खाली, रस्त्याकडे फेकतो. समोर भिंत असेल तर वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये स्वच्छ कड दिसते. अप्परची तार वाटीच्या केंद्रबिंदूपाशी असते आणि तिच्याखाली पळी नसते, म्हणून तिचा झोत सरळ लांब जातो.

तार केवळ काही मिलिमीटर लांब असते. ती एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे झाली तरी झोत विस्कटतो. म्हणूनच बल्बच्या बुडाला तीन कान दिलेले असतात आणि तो एकाच पद्धतीने खाचेत बसतो. बाजारातला स्वस्त बल्ब कधी कधी त्याच वॅटचा असूनही कमी दिसते, याचे कारण अनेकदा त्याची तार जागच्या जागी नसते हे असते.

एलईडी वाईट नाही, जागा चुकीची आहे

निळा प्रकाश देणारा एलईडी तयार करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला, की पांढरा उजेड मिळतो. कमी वीज, जास्त आयुष्य, धक्क्याने न तुटणारी रचना हे त्याचे गुण खरेच आहेत. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या दुचाकींत वाटी आणि भिंगही त्या दिव्यासाठीच आखलेले असते.

अडचण येते ती हॅलोजनच्या वाटीत एलईडीचा बल्ब बसवल्यावर. हॅलोजनची तार चारही बाजूंना उजेड देते. एलईडीच्या चकत्या मात्र एका चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. त्या तारेच्या जागी अचूक आल्या नाहीत, तर वाटीला अनोळखी ठिकाणाहून प्रकाश मिळतो आणि ती तो वाट्टेल तिकडे फेकते. डिपरची कड पुसली जाते. थोडा उजेड झाडांच्या शेंड्यांवर, थोडा समोरच्याच्या डोळ्यांत आणि बराचसा गाडीच्या पुढच्या चाकापुढे पडतो.

हा चाकापुढचा लख्ख उजेड फसवा असतो. चालवणाऱ्याला वाटते, काय मस्त दिसतेय! पण जवळचा रस्ता फार उजळला, की डोळे त्या उजेडाला जुळवून घेतात आणि ५०-६० मीटरवरचा अंधूक भाग आणखी काळा वाटू लागतो. ट्रॉली उभी असते ती तिथे. उजेड वाढला, पण उपयोगाचे दिसणे कमी झाले, असा हा सौदा.

खोक्यावरच्या आकड्यांवरही विसंबून चालत नाही. ‘२० वॅट, २०,००० लुमेन’ असे छापलेले असेल, तर ते अशक्यच आहे. आजचे चांगले एलईडीही प्रत्यक्ष वापरात वॅटमागे शंभर-दीडशे लुमेनच्या आसपास उजेड देतात. निळसर छटेचा ‘६००० केल्व्हिन’ किंवा त्यापुढचा दिवा जास्त तेजस्वी भासतो. मात्र तेवढ्याच प्रकाशात पिवळसर दिव्यापेक्षा तो समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो.

काही एलईडी बल्ब तारेची जागा आणि पळी यांची बरीच चांगली नक्कल करतात. जर्मनीत २०२० मध्ये अशा बल्बना पहिल्यांदा रस्त्यावर परवानगी मिळाली. तीही सरसकट नाही, तर चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक मॉडेलांसाठी. बल्ब आणि वाटी यांची जोडी तपासावी लागते, हाच त्यातला मुद्दा.

आधी व्होल्टेज पाहा

जुन्या गाडीचा दिवा मिणमिणता झाला, की दोष बल्बला दिला जातो. खरा दोषी बऱ्याचदा वायरिंगमध्ये सापडतो. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साध्या प्रमाणात घटत नाही. तो फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले, तर उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर १२ व्होल्ट भरले, तर एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला असे समजावे. गंजलेला अर्थ, सैल झालेला सॉकेट, काळवंडलेला डिपर स्विच ही त्याची नेहमीची ठिकाणे. ती साफ केली, किंवा बॅटरीपासून जाड वायर आणि रिले टाकून हेडलाइटला वीज दिली, की तोच जुना बल्ब नव्यासारखा पेटतो. मल्टिमीटरने हे तपासायला मेकॅनिकला पाच मिनिटे लागतात.

काही जुन्या मॉडेलांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनच्या कॉइलवर चालतो. तिथे रेस दिली की उजेड वाढतो, गाडी मंद झाली की उतरतो. अशा गाडीत साधा एलईडी बल्ब लावला तर तो लुकलुकू शकतो.

जास्त वॅटचा बल्ब हा उपाय सर्वांत धोक्याचा. ६० वॅटच्या जागी १०० वॅट टाकला, की करंट सुमारे ५ अँपिअरवरून ८ अँपिअरच्या पुढे जातो. वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. होल्डर वितळणे, स्विच जळणे, प्लॅस्टिकच्या वाटीवरचा चकचकीत थर करपणे हे पुढचे टप्पे. वाटी एकदा काळवंडली, की कुठलाही बल्ब टाका, उजेड पडत नाही.

बल्ब बदलताना

एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत इंजिन सुरू होताच हेडलाइट लागतो आणि तो बंद करण्याचे बटण नसते. दिवसा गाडी इतरांना दिसावी, हा त्याचा हेतू. पण त्यामुळे तारेचा बल्ब दिवसभर जळतो आणि लवकर उडतो. प्रवासात एक जादा बल्ब सोबत ठेवलेला बरा.

किल्ली बंद करून दिवा पूर्ण थंड होऊ द्यावा. हेडलाइटच्या कडेचे स्क्रू काढले, की पुढचा भाग सुटा होतो. मागचा तीन पिनांचा सॉकेट सरळ ओढून काढावा, वायरला धरून ओढू नये. मग रबरी टोपी, त्याखालची तारेची क्लिप आणि शेवटी बल्ब. नवा बल्ब बुडाच्या धातूला धरूनच उचलावा. हॅलोजनची काच वापरात अतिशय तापते. तिच्यावर बोटांचा तेलकटपणा राहिला, तर त्या जागी काच जास्त तापते आणि कमकुवत होते. चुकून हात लागलाच, तर स्पिरिटने पुसून कोरडी करावी.

तीन कान खाचेत बरोबर बसल्याशिवाय क्लिप लावू नये. रबरी टोपी मात्र न विसरता घालावी. ती नसेल तर पावसाळ्यात वाटीत पाणी आणि वर्षभर धूळ जाते.

जो दिवा स्वतःला दिसत नाही

हेडलाइट उडाला तर लगेच कळते. टेललाइट उडाला तर महिनाभरही कळत नाही. कडेची ट्रॉली जशी आपल्याला दिसत नाही, तसे आपण मागच्या ट्रकला दिसत नाही. अनेक गाड्यांत मागे २१/५ वॅटचा दोन तारांचा बल्ब असतो: ५ वॅट रात्रीचा, २१ वॅट ब्रेकचा. त्याच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात. तो उलटा दाबून बसवला, तर साधा दिवा ब्रेकसारखा प्रखर पेटतो आणि ब्रेक दाबल्यावर फारसा फरक दिसत नाही.

एलईडीचा खरा फायदा मिळतो तो इथे. तारेला पूर्ण तेजाने पेटायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी ६० किलोमीटरला तेवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटरहून अधिक पुढे येते. तीन मीटर म्हणजे अनेकदा धडक आणि बचाव यांतला फरक. लाल काचेमागे लाल एलईडीच निवडावा. पांढऱ्या एलईडीचा बराच प्रकाश लाल काच अडवते. पांढऱ्या नंबरप्लेटवर उजेडही याच बल्बमधून पडत असेल, तर तिथे मात्र पांढराच लागतो.

इंडिकेटरमध्ये एलईडी टाकले, की ते भराभर लुकलुकू लागतात. जुन्या फ्लॅशरला करंट कमी मिळतो आणि एखादा बल्ब उडाला असे त्याला ‘वाटते’. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवला, की वेग पूर्ववत होतो. वळताना एवढ्या जलद लुकलुकीचा अर्थ इतरांना कळत नाही, म्हणून हा दोष तसाच ठेवू नये.

भिंतीसमोरची पाच मिनिटे

सगळ्यांत मोठी सुधारणा फुकट आहे. सपाट जागेत, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करावी. टायरमध्ये हवा बरोबर असावी आणि नेहमीचा चालक सीटवर बसलेला असावा. दुसऱ्याने जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने खूण करावी. डिपर लावल्यावर उजेडाची कड त्या खुणेच्या साधारण ५ सेंटीमीटर खाली यायला हवी. म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर उतार.

एवढ्याशा अंतराने काय होते, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. दिवा जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर असेल, तर या उताराने डिपरची कड ८० मीटरवर रस्त्याला टेकते. भिंतीवर कड ५ ऐवजी १५ सेंटीमीटर खाली असेल, तर ती २७ मीटरवरच टेकते. ताशी ६० किलोमीटरला धोका लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत सुमारे २५ मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २०-२५. म्हणजे उजेड संपतो तिथे ब्रेक जेमतेम लागलेला असतो. अशा चालकाला दिवा कमजोर वाटतो आणि तो महागडा बल्ब घेतो. त्याला गरज असते ती एका स्क्रूच्या दोन वेढ्यांची.

उलट, मागे कुणी बसले की शॉकअप दबतात आणि दिवा वर पाहू लागतो. मागचा भाग अडीच सेंटीमीटर अधिक खाली गेला, तरी झोत सुमारे एक अंश वर उचलला जातो. मग ५० मीटरवर जी कड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर असायची, ती जवळपास १२० सेंटीमीटरवर जाते. समोरून येणाऱ्या कारचालकाचे डोळे साधारण तिथेच असतात. रोज डबल सीट जाणाऱ्यांनी दिवा त्या वजनावरच लावून घ्यावा.

डोळ्यांचीही ‘सर्व्हिसिंग’

रात्री दिसत नाही याचे कारण गाडीत नसून डोळ्यांतही असू शकते. चष्म्याचा जुना नंबर, सुरू झालेला मोतीबिंदू, दिव्यांभोवती वलये दिसणे, अंधारात अडखळणे यांपैकी काही असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे आधी जावे. चाळिशीनंतर नियमित तपासणी हवीच.

हेल्मेटची काच ओरखडलेली असेल, तर तीही मोतीबिंदूसारखाच प्रकाश विखुरते. काहीशे रुपयांची नवी काच ही कित्येकदा नव्या बल्बपेक्षा फायद्याची ठरते. काळी काच रात्री नकोच. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या काचांच्या चष्म्याने पादचारी लवकर दिसतात, असे चाचण्यांत आढळलेले नाही. समोरून प्रखर दिवा आला, तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि वेग कमी करावा. बदला म्हणून आपणही अप्पर लावला, तर न दिसणारे एकाऐवजी दोन चालक समोरासमोर येतात.

एकेकाळी ट्रक-रिक्षांच्या हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासलेला असे. उपाय कच्चा होता, पण त्यामागची भावना रास्त होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ हीच गोष्ट मोजमापात सांगतो: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिवा दिपवणारा नसावा.

ही तपासणी करायला कुठल्या यंत्राची गरज नाही. नवा बल्ब लावून झाल्यावर गाडीवर घरातल्या कुणाला तरी बसवावे, डिपर लावायला सांगावा आणि आठ मोठी पावले चालत जाऊन, किंचित उजवीकडे सरकून मागे वळून पाहावे. डोळे बारीक करावे लागले, तर काम अजून संपलेले नाही. रात्री त्या जागी जो कुणी असेल, त्यालाही कडेची ट्रॉली वेळेत दिसायला हवी आहे.